नववीत सुटणारी मराठी

गेली अकरा वर्षे मी कॅलिफोर्नियाच्या बे एरियातील (सॅन फ्रान्सिस्को परिसरातील) एका रविवारच्या मराठी शाळेत शिकवते आहे आणि दरवर्षी आठवीचे वर्ष संपत आले की एकच संभाषण माझ्या वाट्याला येते. आईवडील संकोचाने सांगतात, "ताई, पुढच्या वर्षी जमणार नाही. हायस्कूलमध्ये स्पॅनिश घेतली आहे, कॉलेजला तीच धरतात." दोन वर्षांनी तीच मुले स्पॅनिशही सोडतात, कारण कॉलेज प्रवेशाची भाषेची अट पूर्ण झालेली असते आणि तो तास आणखी एखाद्या एपी (हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज पातळीच्या) विज्ञानाला हवा असतो. मुलांच्या हाती दोन अर्धवट भाषा राहतात आणि मला याचे फार वाईट वाटते.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या प्रवेशासाठी हायस्कूलमध्ये कराव्या लागणाऱ्या 'ए-जी' विषयांमध्ये इंग्रजीखेरीज एका भाषेची दोन वर्षे सक्तीची आहेत आणि तीन वर्षांची शिफारस आहे. ही वर्षे एकाच भाषेची असावी लागतात. एक वर्ष फ्रेंच आणि एक वर्ष स्पॅनिश असे चालत नाही. सातवी-आठवीत केलेला अभ्यासही धरला जातो. स्टॅनफर्ड एकाच भाषेची तीन किंवा अधिक वर्षे सुचवते, तर हार्वर्ड आणि प्रिन्स्टन चार. ही सक्ती नाही, हे मान्य. परंतु ज्या विद्यापीठांच्या दारात मूल उभे राहणार आहे, त्यांनीच स्वच्छ शब्दांत लिहून ठेवलेली अपेक्षा दोन वर्षांवर सोडून द्यावी, हा सल्ला मी माझ्या मुलीला दिला नाही आणि इतरांनाही देणार नाही.

आता मराठीविषयी. एपीमध्ये मराठीची परीक्षा नाही, हिंदीचीही नाही, त्यामुळे आपली भाषा कुठेच धरली जात नाही असा समज पक्का झाला आहे. तो चुकीचा आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार, ज्या विद्यार्थ्याने सहावी किंवा त्यापुढील दोन वर्षे इंग्रजीखेरीज अन्य माध्यमाच्या शाळेत काढली आहेत, त्याची भाषेची अट त्यावर पूर्ण होऊ शकते. म्हणजे साताऱ्यात किंवा नाशकात मराठी माध्यमातून सातवी करून आलेल्या मुलाला केवळ अटीसाठी स्पॅनिशच्या पहिल्या पायरीवर बसवण्याचे कारण नाही. इथेच वाढलेल्या मुलांसाठी आणखी एक वाट आहे, आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे: परीक्षेसारखे इतर मार्ग उपलब्ध नसतील, तर हायस्कूलचे मुख्याध्यापक विद्यार्थ्याची भाषा आणि तिची पातळी ट्रान्सक्रिप्टवर (हायस्कूलच्या अधिकृत गुणपत्रकावर) प्रमाणित करू शकतात. असे करताना भाषाशिक्षकांचे मत घ्यावे, तसेच ती भाषा टिकवण्यासाठी झटणाऱ्या सांस्कृतिक संस्थांचाही सल्ला घ्यावा, असे त्या मार्गदर्शनात म्हटले आहे. आपली मंडळे आणि रविवारच्या शाळा या अशाच संस्था नाहीत तर दुसरे काय? कॅलिफोर्नियात २०१२ पासून मिळणारे द्विभाषिक प्रावीण्याचे 'सील ऑफ बायलिटरसी' हाही असाच दरवाजा आहे, मात्र त्यासाठी मराठी कोणत्या परीक्षेने तपासायची हे आपापल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (स्थानिक शाळांच्या प्रशासनाकडे) विचारून घ्यावे लागते.

माझ्या मुलीने स्पॅनिश चारही वर्षे केली आणि मराठी शाळाही सोडली नाही. तिच्या कौन्सेलरने पहिल्या भेटीत मराठीसाठी अर्जावर रकानाच नसल्याचे सांगितले होते. नियमाची प्रत घेऊन दुसऱ्यांदा गेल्यावर विषय पुढे सरकला. ही धावपळ प्रत्येक घराने एकेकट्याने करावी, हे मला पटत नाही.

म्हणून आमच्या शाळेत यंदापासून प्रत्येक विद्यार्थ्याची वही जपली जाणार आहे: वर्षनिहाय हजेरी, लेखनाचे नमुने, वाचनाची आणि संभाषणाची पातळी. मुख्याध्यापकांनी उद्या विचारले तर मुलाला मराठी येते एवढे सांगून भागणार नाही, कागद दाखवावा लागेल. इतर शाळांतील शिक्षकांना आमचा नमुना हवा असल्यास जरूर कळवा. हायस्कूलचे विषय निवडण्याचे अर्ज वसंत ऋतूत भरले जातात, तेव्हा आठवीच्या पालकांशी बोलायला आपल्या हाती थोडेच रविवार आहेत.