एकोणसत्तर म्हणजे किती?

मुलाला मराठी येतं की नाही हे बघायचं असेल तर कविता म्हणायला लावू नका. भाजीवाल्याने "अडुसष्ट झाले" म्हटल्यावर त्याच्या हातून बरोबर पैसे निघतात का, तेवढं बघा. "आजी, मला सेव्हन्टी टू मिळाले" हे वाक्य आज घराघरांत आहे. कर्ता मराठी, क्रियापद मराठी, आकडा तेवढा इंग्रजी. भाषेला पहिली गळती लागते ती इथे, कारण आकडा दिवसातून शंभरदा तोंडात येतो आणि फोन नंबर, किंमत, तारीख, गाडीचा नंबर हे सगळं आपण मोठी माणसंच इंग्रजीतून सांगतो. पोरं आपलंच ऐकतात.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं असं होतं की जोडाक्षरांचे आकडे मुलांना जड जातात, आणि कानडी-तेलुगूत दशक आधीच म्हणतात. अडचण त्यांनी अचूक पकडली होती. उपाय मला तेव्हाही पटला नव्हता, आजही नाही. कारण दुकानात, एसटीत, आजीच्या तोंडी कुणीही 'साठ आठ' म्हणत नाही. (जर्मनसुद्धा आपल्यासारखं एकक आधी म्हणतात, त्यांचं काही अडलेलं नाही.) पण 'वीस एक'वर विनोद करणाऱ्यांतले किती जण घरी 'सत्तावीस' म्हणायला लागले?

खरं दुखणं शिकवण्याच्या क्रमात आहे. एक ते शंभर ओळीने घोकलेलं मूल गाडी सुटल्यासारखं म्हणत जातं, पण मधलाच 'सदुसष्ट' विचारला की मनात एकसष्टपासून सुरुवात करतं. म्हणून ओळीने घोकणं आधी बंद करा.

पहिला आठवडा फक्त एक ते वीस आणि दशकं. मग शेपट्या. एकवीसपासून नव्याण्णवपर्यंत, 'एकोण'वाले आकडे सोडले तर, शेपट्या आठच: वीस, तीस, चाळीस, वन्न किंवा पन्न, सष्ट, हत्तर, ऐंशी, ण्णव. शेपटी ऐकली की दशक कळलं. त्यानंतर डोकी, आणि ती उभी म्हणायची: बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. सगळीकडे 'ब'. तीनला 'त', चारला 'च', पाचला 'प', आठला 'अठ' किंवा 'अड'. रोज एकच डोकं, पाच मिनिटं, पुरे.

गोंधळ होतो तो सहा आणि साताचा, कारण दोन्हीकडे 'स' येतो. सव्वीस-सत्तावीस, सहासष्ट-सदुसष्ट. इथे एक खूण सांगून ठेवा: 'स'नंतर लगेच त किंवा द ऐकू आला तर सात. सतरा, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सगळ्यांना लागू पडते. (सत्तर हे स्वतःच दशक, ते बाजूला ठेवायचं.) सहा मात्र बहुरूपी आहे: सोळा, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, शहात्तर. ते पाठच करावं लागतं, त्याला इलाज नाही.

नऊची डोकी सगळ्यात शेवटी. 'एकोणसत्तर' ऐकलं की मूल ७९ लिहितं, कारण कानावर 'सत्तर' पडतं. एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी, हे शब्द फोडून सांगा. एकोणऐंशी, एकोणनव्वद इथपर्यंत नियम चालतो आणि ९९ ला मोडतो. 'एकोणशंभर' नाही, नव्याण्णव.

सरावाला हाऊजीसारखी चीज नाही. विकतची तिकिटं नकोत, वहीच्या कागदावर देवनागरी अंकांत करा: तीन आडव्या ओळी, नऊ उभे रकाने, ओळीला पाच याप्रमाणे पंधरा आकडे. रकाने दशकांचे असतात, त्यामुळे मूल आधी शेपटीवरून रकाना शोधतं, मग डोक्यावरून आकडा. एकोणपन्नास पन्नाशीच्या रकान्यात सापडत नाही, तिथे ते अडखळतं आणि तिथेच शिकतं. पुकारणाऱ्याने शब्द दोनदा म्हणायचा. 'फोर नाइन' म्हणून सुटका करायची नाही. हाऊजी नव्वदला संपते. पुढच्या नऊ आकड्यांसाठी शंभराची नोट आणि दहाच्या आतली खरेदी: तीनची पेन्सिल, परत किती? सत्त्याण्णव.

देवनागरी अंक म्हणतोय ते उगाच नाही. इंग्रजी शाळेतल्या मुलाला १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, ७ सहासारखा, ४ आठसारखा. मुंबईत बेस्टच्या बसवर समोर असे अंक असतात. थांब्यावर उभं राहून येणाऱ्या बसचा नंबर त्यालाच वाचायला सांगा.

शंभर पक्के झाल्याशिवाय पाव-अर्ध्याकडे वळू नका. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, मग साडेतीन. सव्वाशे म्हणजे १२५, सव्वादोनशे २२५. इथे सहसा चूक होत नाही. पावणेदोनशे आलं की मूल दोनशेच्या पुढे जातं. एकोणसारखीच ही पुढचं नाव आधी घेऊन मागे येण्याची चाल, आणि पाऊणमध्येही तोच 'ऊन' लपलेला आहे. घड्याळावर दाखवलं तर लगेच बसतं: पावणेसहा वाजले तेव्हा सहा वाजलेलेच नसतात. जुन्या शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा, असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. तितकं नको, पण पाव किलोचा भाव काढण्याइतकी पावकी यायला हरकत नाही.

आणि मूल 'साडेदोन' म्हणालं तर हसू नका. साडेतीन, साडेचार ऐकून त्याने नियम स्वतःच काढलेला असतो, आणि तर्क बरोबरच असतो. "अडीच" एवढंच म्हणा आणि भाजीची पिशवी त्याच्याच हातात राहू द्या.