दोघांचं भांडण, तिसऱ्याचा अपडेट

गेम सुरू करायला 'प्ले' दाबायचं असतं, हे फक्त जाहिरातीत. प्रत्यक्षात प्ले दाबलं की स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान उघडतं, स्टीम प्रकाशकाचा लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, उघडतं, लाँचर आधी स्वतःला अपडेट करतो आणि मग मला विचारतो, "आपण कोण?" पासवर्ड दिला की ईमेलवर कोड. ईमेल बघायला फोन, फोन उघडायला बोट. बोट तेवढं अजून माझंच आहे, त्याला लॉगिन लागत नाही.

दुकानं वाढली की गिऱ्हाइकाचं भलं होतं, हे मला तत्त्वतः मान्य आहे. पण इथली दुकानं माझ्यासाठी भांडतच नाहीत. ती भांडतात गेम बनवणाऱ्यांसाठी.

स्टीम आलं २००३ साली. पुढे कित्येक वर्षं विक्रीतला ३० टक्के वाटा दुकानाचा, हा जणू निसर्गनियमच होता. डिसेंबर २०१८ मध्ये एपिक या गेम कंपनीने दुकान थाटलं आणि १२ टक्क्यांवर भागवतो म्हटलं. त्याच्या काही दिवस आधीच स्टीमने मोठ्या गेमना आपल्या वाट्यात सूट जाहीर केली होती : १ कोटी डॉलरच्या पुढच्या विक्रीवर २५ टक्के, ५ कोटींच्या पुढे २० टक्के. म्हणजे छोट्यांना ३० टक्केच. आता हिशेब करू. १०० च्या गेममागे बनवणाऱ्याला पूर्वी ७० मिळायचे, नव्या दुकानात ८८ मिळू लागले. मी किती देतो? १००. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो हा. फक्त तिसरा मी नाही, माझा नंबर चौथा आहे.

कारण साधं आहे. इथे किंमत दुकानदार ठरवत नाही, प्रकाशक ठरवतो. दुकानदाराने स्वतःच्या खिशातून सूट दिली तरी पंचाईत होते. २०१९ च्या सेलमध्ये एपिकने स्वखर्चाने १० डॉलर कमी केले, तेव्हा काही प्रकाशकांनी आपले गेम विक्रीतूनच तात्पुरते काढून घेतले. सूट मिळते म्हणून माल लपवणारा बाजार मी तरी दुसरा पाहिलेला नाही. अपवाद म्हणून 'मेट्रो एक्झोडस' अमेरिकेत एपिकवर साठऐवजी पन्नास डॉलरला लागला खरा, पण त्याबरोबर तो वर्षभर स्टीमवरून गायबही झाला. आणि एपिकच्या दुकानात खरेदीची टोपली आली डिसेंबर २०२१ मध्ये. तोवर तीन वर्षं पाच गेम घ्यायचे तर पाचदा पैसे भरायचे.

पण एपिकवाले दर आठवड्याला फुकट गेम देतात ना! देतात, आणि फुकट ते पौष्टिक या न्यायाने मी तो दर गुरुवारी उचलतो. मेख पुढे आहे. मूळ गेम इथे फुकट मिळाला आणि त्याचा डीएलसी, म्हणजे वेगळा विकला जाणारा जोडभाग, तिकडे ७५ टक्के सुटीत दिसला, तर हात आवरा. एका दुकानातला डीएलसी दुसऱ्या दुकानातल्या गेमला सहसा लागत नाही. सेव्हचंही, म्हणजे खेळात कुठवर आलो त्या नोंदीचंही, तसंच. क्लाउड ज्याचा त्याचा. फाइल डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटामध्ये शोधून हाताने हलवायची. मायक्रोसॉफ्टच्या दुकानातला गेम असेल तर ती डब्ल्यूजीएस नावाच्या फोल्डरात आकडे-अक्षरांची लांबलचक नावं घेऊन बसलेली असते.

तोच गेम दुसऱ्या दुकानातून घेतलात तर १०० जीबी पुन्हा उतरवायची घाई नको. एपिकवर डाउनलोड सुरू करा, दोन-तीन टक्के झाले की थांबवा, लाँचर पूर्ण बंद करा, जुन्या फाइल नव्या फोल्डरात टाका आणि पुन्हा सुरू करा. तो आहे तेवढं तपासतो, उरलेलं आणतो. त्या फोल्डरातलं 'ईजीस्टोअर' मात्र उडवू नका, नाहीतर सगळं मुळापासून. दोन दुकानांनी फाइली वेगळ्या बांधल्या असतील तर ही युक्ती फसते.

खरा फायदा कुठे झाला, तर मालाच्या परतीत. स्टीमवर २०१५ पासून १४ दिवसांत, दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत. एपिकचाही साधारण हाच नियम. जीओजी या आणखी एका दुकानाने २०२० मध्ये ३० दिवस दिले, तेही गेम खेळला असला तरी. स्टीमच्या त्या दोन तासांत लाँचरची खिडकी उघडी ठेवून चहाला गेलात तर ती वेळही मोजली जाते, हे ध्यानात असू द्या.

दुसरा फायदा स्टीमच्या 'की', म्हणजे गेम आपल्या खात्यात आणणारे कोड, विकणाऱ्या इतर दुकानांचा. अशा कीवर स्टीम कमिशन घेत नाही, त्यामुळे तिथे किंमत खरोखर खाली येते आणि गेम मात्र स्टीमवरच चालतो. दुकान प्रकाशकाकडून 'की' घेतं का, एवढं बघा. कुणीही कुणालाही विकतो अशा बाजारातली 'की' चोरीच्या कार्डावर घेतलेली निघाली तर ती रद्द होते, आणि गेम लायब्ररीतून निघून जातो.

सहा लाँचरचा कंटाळा आला असेल तर त्यावरही उपाय आहे. जीओजीचा गॅलेक्सी हा लाँचर सगळ्या दुकानांतले गेम एकाच यादीत दाखवतो. म्हणजे सातवा लाँचर. यादी सुरेख दिसते. गेमवर क्लिक केलं की गॅलेक्सी त्या गेमचा मूळ लाँचर उघडतो आणि तो स्वतःला अपडेट करायला घेतो.