ऑस्टिन शरण आलाच नाही

रेसलिंगचं नाव काढलं की कुणीतरी म्हणतंच, "अरे, ते सगळं आधीच ठरलेलं असतं." हो, निकाल ठरलेला असतो. पण हजारो माणसांनी कुणाच्या नावाने ओरडायचं हे मॅच चालू असताना उलटं करून दाखवायचं, ते कागदावर ठरवून होत नाही. अंगावर घ्यावं लागतं. विश्वास बसत नसेल तर रेसलमेनिया 13 (WWF, म्हणजे आजच्या WWE चा वर्षातला सगळ्यात मोठा शो) मधली ब्रेट हार्ट विरुद्ध स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन बघा. 23 मार्च 1997, शिकागोजवळचं रोझमाँट.

आमच्या पिढीला ब्रेट आधी रेसलर्सचे फोटो असलेल्या खेळायच्या पत्त्यांवर भेटला. गुलाबी-काळा पोशाख, ओले केस. मॅचआधी आपला गॉगल पहिल्या रांगेतल्या पोराच्या डोळ्यांवर चढवणारा भला माणूस. ऑस्टिन म्हणजे शिवराळ, कुणाला न जुमानणारा व्हिलन. त्याच जानेवारीत रॉयल रंबलमध्ये, म्हणजे वरच्या दोरावरून बाहेर फेकला गेला की बाद अशा झुंडीच्या मॅचमध्ये, ऑस्टिन बाद झाला होता, पण रेफ्रींनी पाहिलं नाही. गडी परत आत शिरला आणि त्याने ब्रेटलाच बाहेर फेकलं. ब्रेटची तक्रार खरी होती. पण तो सतत तक्रारच करत राहिला आणि लोक वैतागले.

रेसलमेनियातल्या या मॅचचा नियम साधा. चितपट केलेलं चालणार नाही, समोरच्याने शरण यायला हवं. रेफ्री केन शॅमरॉक. सुरुवातीलाच दोघं मारामारी करत प्रेक्षकांत घुसतात. मग ब्रेट ऑस्टिनचा गुडघा धरतो आणि तोच फोडत राहतो. रिंगच्या खांबाला पाय अडकवतो, खुर्ची घालतो. हे सावकाश बघा. इथपासून ऑस्टिनचं लंगडणं एकदाही सुटत नाही.

शेवटी शार्पशूटर, ब्रेटची हुकमी पकड. ऑस्टिन पालथा, दोन्ही पाय गुंतवून ब्रेटच्या काखेत, कंबर मागे मोडलेली. कपाळातून रक्त वाहतंय, दातांच्या फटींत उतरतंय. एकदा तो हातांवर जोर देऊन उठतो, ब्रेट पुढे कोलमडतो, वाटतं सुटला! पण ब्रेट पकड सोडत नाही. ऑस्टिन ओरडतो, पण 'हरलो' म्हणत नाही. शुद्ध हरपते, तेव्हा कुठे शॅमरॉक मॅच थांबवतो.

माझ्या मते रेसलिंगमध्ये पराभव इतका सुंदर कुणी दाखवलेला नाही. आणि त्यातलं अर्धं श्रेय ब्रेटचं. स्वतःची वर्षानुवर्षांची पुण्याई त्याने समोरच्याला उभं करण्यासाठी खर्च केली, हे त्याचं ऋण लोक विसरतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

कृपा करून घंटा झाली म्हणून बंद करू नका. जिंकलेला ब्रेट बेशुद्ध ऑस्टिनच्या पायावर पुन्हा तुटून पडतो, शॅमरॉक त्याला कमरेला धरून आपटतो, आणि शिव्या खात ब्रेट आत जातो. मग ऑस्टिन उठतो. मदतीला आलेल्या दुसऱ्या रेफ्रीलाच स्टनर, हा आपला हुकमी डाव, देतो आणि कुणाचाही हात न धरता, एक पाय ओढत चालू लागतो. कालपर्यंत हुर्यो करणारं अख्खं स्टेडियम त्याचं नाव घेत असतं.