ग्लेन्कोचं पाप एकट्या कॅम्पबेलांच्या माथी मारू नका

स्कॉटलंडच्या कॅम्पबेल घराण्याविषयी एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय: १६९२ मध्ये कॅम्पबेल पाहुणे म्हणून ग्लेन्कोच्या खोऱ्यात शिरले, मॅकडोनाल्डांचं अन्न खाल्लं आणि पिढीजात वैराचा सूड म्हणून एका रात्रीत अख्खं कुळ संपवलं. यातलं अन्न खाल्लं तेवढं खरं.

आले ते सरकारी शिपाई होते, सुमारे १२०. पलटण अर्ल ऑफ आर्गाइलच्या, म्हणजे कॅम्पबेलांच्या प्रमुखाच्या नावाची, पण पगार राजा विल्यमचा. कप्तान रॉबर्ट कॅम्पबेल खरा, पण हाताखालच्या बहुतेकांचं आडनाव कॅम्पबेल नव्हतं.

वैर होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. १६८९ मध्ये ग्लेन्कोवाल्यांनी याच रॉबर्टची गुरंढोरं लुटून नेली होती. आधीच कर्जात बुडालेला हा माणूस पोटासाठी उतारवयात फौजेत शिरला. पण कत्तलीचा हुकूम त्याच्या रागातून निघाला नाही.

तो कुठून निघाला? सगळ्या टोळीप्रमुखांनी १ जानेवारी १६९२ पर्यंत राजनिष्ठेची शपथ घ्यायची होती. ग्लेन्कोचा प्रमुख मॅकइयन अगदी शेवटच्या घटकेला फोर्ट विल्यमला पोचला. तिथल्या कर्नल हिलने त्याला इन्व्हरेरीला धाडलं, कारण शपथ देण्याचा अधिकार तिथल्या शेरीफकडे होता. भर हिमवर्षावात म्हातारा तिथवर गेला. शेरीफ कोण, तर कॉलिन कॅम्पबेल! मुदत टळली होती, तरी त्याच्या विनवण्यांनी शेरीफला पाझर फुटला. ६ जानेवारीला त्याने शपथ घेऊ दिली आणि कागद एडिंबराला पाठवला. तिथे तो नोंदवला गेलाच नाही, नाव खोडलं गेलं. फिरत्या मजकुरात या कॅम्पबेलचा उल्लेखही नाही, याची मला खरी चीड येते.

स्कॉटलंडचा मंत्री जॉन डॅलरिंपल सखल प्रदेशातला, कॅम्पबेल नव्हेच. हिवाळ्यातच घाला घालावा, तेव्हा या लोकांना बायकामुलं आणि गुरं घेऊन डोंगरात पळता येत नाही, असं त्याने डिसेंबरातच लिहून ठेवलं होतं. १६ जानेवारीच्या हुकमावर राजाची सही आहे. १२ फेब्रुवारीला कप्तानाच्या हाती पडलेला लेखी आदेश सांगतो: सत्तरीच्या आतले सगळे कापा, पहाटे पाचला सुरुवात करा. त्याच संध्याकाळी तो यजमानांसोबत पत्ते खेळत होता, असं सांगतात. खाल्ल्या मिठाला जागला नाही, हा कलंक त्याचाच आणि तो पुसता येणार नाही.

अख्खं कुळ मात्र संपलं नाही. ३८ च्या आसपास माणसं मारली गेली. बाकीचे, मॅकइयनचे दोन्ही मुलगे धरून, बर्फात निसटले. वाटा अडवायला निघालेली कुमक वादळामुळे उशिरा पोचली. पळालेल्यांतली कित्येक बायकामुलं डोंगरात गारठून मेली.

कॅम्पबेलांना यातून मोकळं सोडावं असं मी म्हणत नाही. १४५७ पासूनचं हे अर्लपद वाढलं ते राजसत्तेच्या सावलीत. १६८९ मध्ये विल्यम आणि मेरीला राज्याभिषेकाची शपथ देणाऱ्यांत दहावा अर्ल होता, आणि १७०१ मध्ये तो ड्यूक झाला. त्यांची ताकद लंडनच्या कामी आली, हाच खरा आरोप. तो ‘कुळांच्या भांडणा’त बुडवला की मंत्री आणि राजा दोघेही सुटतात.

तेव्हाही ते सुटलेच. १६९५ च्या चौकशीनंतर स्कॉटिश संसदेने याला खून म्हटलं, राजाला निर्दोष ठरवलं आणि बोट डॅलरिंपलकडे दाखवलं. त्याचं मंत्रिपद गेलं, शिक्षा झाली नाही. १७०३ मध्ये तो अर्ल ऑफ स्टेअर झाला.