पडलो नव्हतो, आडवा झालो होतो

मागं एका सकाळी मी रस्त्यावर पडलो नव्हतो. स्वतःहून आडवा झालो होतो, पोटावर, पूर्ण शुद्धीत, आणि दारू सोडाच, अजून चहासुद्धा झाला नव्हता. हे लिहून ठेवायची वेळ आली कारण त्याच संध्याकाळी इचलकरंजीहून मेव्हणीचा फोन, दाजींची शुगर चेक केली का म्हणून, आणि दूधवाला बायकोला हळू आवाजात विचारून गेला, साहेब आता बरे आहेत न्हवं?

विषय एवढाच की घरात पिल्लू आलंय. गावठी. लेकीनं क्लासवरून येताना पावसात भिजलेलं उचलून आणलं, मोमो नाव ठेवलं आणि पुढचं सगळं माझ्यावर टाकून अभ्यासाला बसली. डॉक्टर म्हणाले लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवड्यांचं होईस्तोवर याला रस्त्यावर जाऊ द्यायचं नाही, पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि पिल्लाला गाठला की हगवण, उलट्या आणि दोन-चार दिवसांत खेळ खल्लास. त्यामुळं अंगण आधी बंदिस्त करा. आणि एकदा पिल्लाच्या उंचीवरून बघा, उभ्यानं दिसत नाही ते दिसतं.

आता पिल्लाची उंची माझ्या निम्म्या पोटरीएवढी. म्हणजे आडवं व्हायलाच लागणार. आतून गाडी आडवी येते म्हणून गेटच्या बाहेरून झालो. पहाटेची वेळ, कोल्हापुरातल्या साने गुरुजी वसाहतीतली आतली गल्ली, कोण बघणार, असा माझा हिशोब.

समोरच्या घरातले आबा बघणार होते. आबा पहाटे पाचपासून कठड्याला टेकून उभे असतात. बंडी, पट्ट्यापट्ट्याची चड्डी, खांद्यावर टॉवेल, डाव्या तळव्यात तंबाखू आणि तिच्यावर उजवा अंगठा. गल्लीत काही घडलं की तो अंगठा थांबतो, नायतर दिवसभर चालू.

अंगठा थांबला.

"काय सायेब, काय हरवलं काय?"

"काय नाही आबा. फट बघालोय."

"कसली फट?"

"गेटखालची. पिल्लू बाहेर जातंय का ते बघायला पायजे."

"मग पिल्लू कुठाय?"

"आत. झोपलंय."

आबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे पिल्लू आत गादीवर झोपलंय आणि तुमी रस्त्यावर."

याच्यावर काय बोलणार. मी टेप काढून फट मोजायला लागलो. चार इंच. यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की पिल्लाचं डोकं जिथनं जातं तिथनं आख्खं पिल्लू जातं, अंगाची काळजी करायची नाही, डोकं मोजायचं. हे मी आबांना सांगितलं. तीच चूक. आबा घरात गेले आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आले. रस्त्याच्या मध्यभागी खुर्ची टाकून बसले, एक पाय वर.

"सायेब, एक सांगतो, राग मानू नका. शाहू महाराजांच्या टायमाला कोल्हापुरात चित्तं होतं. चित्तं! शिकारीला न्यायचं, गाडीत बसवून. त्यांनी कुटं फटी मोजल्यात्या?"

वास्तविक शिकारीच्या चित्त्याच्या डोळ्यावर टोपी असायची, गळ्याला दोर असायचा आणि चोवीस तास त्याच्या मागं एक माणूस असायचा, म्हणजे एवढा बंदोबस्त मी मोमोसाठी करायचा ठरवला तर मला पीएफ काढावा लागेल. पण हे सगळं जमिनीला गाल लावून सांगता येत नाही. आवाजच निघत नाही. मी नुसतं 'हं' म्हणालो आणि त्या 'हं'नं घात केला.

कारण तेवढ्यात रंकाळा तलावावरनं फिरून येणारे दोघं जण तिथं पोचले. एक जण अंगानं आडवा, कानाला मफलर. ऑगस्टमध्ये. त्यांनी काय बघितलं, तर एक माणूस रस्त्यावर पालथा, तोंड गेटखाली, कण्हतोय, आणि समोर एक म्हातारा खुर्चीत बसून त्याच्याशी बोलतोय. मफलरवाल्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. आबांनाही विचारलं नाही. सरळ पायातली चप्पल काढली आणि माझ्या नाकाला लावली.

फिट आलेल्याला चप्पल हुंगवायची असते ना.

अस्सल कोल्हापुरी होती, करकर वाजणारी. बाभळीची साल आणि हिरडा वापरून हे कातडं कमावतात, २०१९ साली या चपलेला जीआय मानांकनसुद्धा मिळालंय, मला तिचा अभिमान आहे, पण एवढ्या जवळून नको होता. रंकाळ्याला पूर्ण फेरी मारून आलेली ती चप्पल होती आणि आदल्या रात्री पाऊस झालेला. मी डोकं वर घ्यायला गेलो ते गेटच्या पट्टीला खाडकन आपटलं, त्यावर दुसरा ओरडला, "झटका! झटका आला बघा, धरा धरा पाय धरा!" आणि पाय धरलेसुद्धा.

आणि आबा? आबा म्हणाले, "असू दे, असू दे, सायेब फट बघालेत." पण कधी? पाय धरून झाल्यावर. निवांत, तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवून. आधी बोलले असते तर मेव्हणीचा फोन वाचला असता.

(जाता जाता, फिट आलेल्या माणसाला चप्पल, कांदा काही हुंगवायचं नसतं. कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करायचं, तोंडात काही घालायचं नाही. आणि ज्याला फिट आलेली नाही त्याला तर काहीच करायचं नसतं.)

मोमो एवढ्या गोंधळात उठला, गेटजवळ आला, माझ्याकडं बघितलं आणि त्याच फटीतनं डोकं बाहेर काढून मफलरवाल्याच्या दुसऱ्या चपलेचा अंगठा चावला. दुधाचे २८ दात असतात, सुईसारखे, चार ते सहा महिन्यांत पडून जातात, तोपर्यंत जे दिसेल ते चावणार. माझा त्या दिवसातला तेवढाच आनंद.

मग लक्ष्मीपुरीत जाळी आणायला गेलो. दुकानदारानं विचारलं कोंबड्या किती. म्हटलं कोंबड्या नाहीत, कुत्रं आहे. म्हणाला मग कुत्र्याला कशाला जाळी, कुत्रं तर राखणीला असतंय. मी वेल्डमेश घेतली आणि वाद न घालता आलो. कंपाउंडच्या मागच्या बाजूला तारेचं कुंपण आहे तिथं ही लावायची म्हणजे नुसती उभी नाही, खालचा हातभर भाग आतल्या बाजूला दुमडून मातीत पुरायचा, म्हणजे पिल्लू कडेला उकरायला लागलं की पंजाला जाळी लागते. पावसाळ्यात आमची माती अशी की पिल्लू काय, मनात आणलं तर मीपण बोगदा काढीन.

झाडांवरनं तर घरात वेगळंच. वास्तुशांतीला कुणीतरी दिलेली सायकसची कुंडी, तिचं बी कुत्र्याच्या लिव्हरला एकदम घातक, ती गच्चीवर नेली, कंबर धरली. कण्हेर राहिली. कण्हेरीचं पान, फूल, काडी सगळंच विषारी, थेट हृदयावर जातं. पण आईचं म्हणणं, "चाळीस वर्षं देवाला हीच फुलं वाहतोय मी, देवाला कधी काय झालं नाही." तिच्याशी कोण बोलणार. सध्या कण्हेरीभोवती विटांचं कडं आहे आणि माझ्याभोवती अबोला.

इथपर्यंत हसू येतं. पुढचं सांगताना येत नाही.

कंपाउंडच्या कडेनं जाळी लावत गेलो तर शेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या बाजूनं, आमच्या भिंतीच्या भोकात हिरव्या वड्या. उंदीर मारायच्या. अर्ध्या कुरतडलेल्या. या असल्या औषधांत बरेचदा रक्त गोठू न देणारं विष असतं, खाल्लं की लगेच काही होत नाही, जनावर हसतखेळत राहतं आणि तीन-चार दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव सुरू. त्यावर व्हिटॅमिन के-१ देतात, पण ते कळलं तर, आणि वेळेत कळलं तर. मी वड्या हातमोजे घालून कागदात गोळा केल्या आणि गल्लीत विचारत निघालो. प्लॉट साफ करायला कुणाला वेळ नाही, तिथं कचरा सगळे टाकतात, कचऱ्यानं उंदीर होतात, मग वड्या. पावसाळ्याआधी संबंधित खात्याला अर्ज दिलाय, पोच माझ्या कपाटात आहे.

वड्या कुणाच्या, तर आबांच्या.

म्हटलं, "आबा, पिल्लानं खाल्ल्या असत्या म्हणजे?"

"कसा खाईल? पाकिटावर उंदराचं चित्र हाय की!"

मला वाटलं चेष्टा करताहेत. नव्हते करत. घरात जाऊन पाकीट आणून दाखवलं. होतं चित्र. नंतर मोत्याच्या (मोमो म्हणायला ते तयार नाहीत) डोक्यावरनं हात फिरवला आणि म्हणाले, लई गुणाचं हाय. मी काय बोललो ते लिहीत नाही, आई घरात होती. वड्या मात्र पुन्हा दिसल्या नाहीत, एवढं खरं.

आणि गेट. अहो, त्या गेटला कडी आहे! गॅसवाला, कुरिअरवाला, मीटर बघणारा, वर्गणीवाली मंडळाची पोरं, सगळ्यांना गेट उघडता येतं. गणपतीच्या तोंडावर तर रोज. "कृपया कडी लावा" असा बोर्ड केला, लेकीनं वर पिल्लाचं चित्र काढलं. लोक थांबून चित्र बघतात, गोड आहे म्हणतात, आणि गेट सताड टाकून जातात. मी चार इंचासाठी चप्पल हुंगलो आणि इथं चार फूट उघडं.

शेवटी वेल्डर. उद्यमनगरात काय बनत नाही विचारा, ऑइल इंजिनं बनवून गावाचं नाव झालं, पण एका गेटला खाली पट्टी मारायला माणूस मिळेना. 'उद्या येतो' करत काल आला. पत्रा कापला, लावणार एवढ्यात खुर्चीतनं आवाज, "पत्रा मारला तर पावसाचं पाणी कुठनं जाणार? अंगणात रंकाळा करायचाय काय?"

वेल्डर थांबला. माझ्याकडं बघितलं. पाणी खरंच तिथनंच जातं. पत्रा ठेवला आणि त्या जागी उरलेल्या वेल्डमेशची पट्टी मारली, तीही मजुरी वाढवून. आता आबा गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला गेट दाखवून सांगतात की साहेबांना मीच आयडिया दिली, त्यांना जमेना, रस्त्यावर झोपून बघत होते. आणि मफलरवाला रोज सकाळी जाताना मला विचारतो, गोळ्या चालू आहेत न्हवं?