कुठली हवा मोजायची?

भोसरी एमआयडीसीत छोटा कारखाना चालवणाऱ्याला सगळं विकत घ्यावं लागतं, हवा तेवढी फुकट, असं नातेवाइकांना वाटतं. आमच्या हवेचं बिल विजेच्या बिलात लपून येतं, हे त्यांना कोण सांगणार!

नवीन मशिनला सहा सीएफएम हवा लागते, म्हणजे मिनिटाला सहा घनफूट. आमच्या तीन एचपीच्या पिस्टन कॉम्प्रेसरच्या नेमप्लेटवर ठसठशीत १२ कोरलेले. बारातून सहा गेले, सहा उरले. वर हवेच्या फवाऱ्यानं कचरा उडवणाऱ्या दोन एअरगनही चालाव्यात. पण दुपार झाली की गेजचा काटा सात किलोवरून पाचावर घसरायचा (कारखान्यात प्रेशर किलोतच सांगतात, म्हणजे चौरस सेंटीमीटरला इतके किलो) आणि ऑपरेटर ओरडायचा, "साहेब, हवा बसली!" कॉम्प्रेसरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "हवा पूर्ण येते, तुम्ही मोजून बघा." असं म्हणताना माणसाला खात्री असते की समोरचा मोजणार नाही.

मी फ्लो मीटर आणायला गेलो.

दुकानातल्या शेठनी मान वर न करता विचारलं, "किती सीएफएम?"

"बारा."

"कुठले बारा? डिस्प्लेसमेंटचे की एफएडी?"

पिस्टन आत जेवढी जागा झाडून काढतो ते डिस्प्लेसमेंट आणि प्रत्यक्षात बाहेर जेवढी हवा पडते ती, मोकळ्या हवेच्या मापात, एफएडी, म्हणजे फ्री एअर डिलिव्हरी. स्थळ बघायला आल्यावर सांगितलेला पगार आणि एक तारखेला हातात पडणारा पगार, एवढाच फरक. पिस्टनवाल्याकडून बाराचे आठ-साडेआठ सुटले तरी नशीब म्हणायचं, असं शेठ म्हणाले आणि लगेच शंभर सीएफएमचा मीटर पुढे सरकवला. "मोठाच घ्या, पुढे धंदा वाढेल." शंभराच्या मीटरची चूक पूर्ण स्केलच्या दोन टक्के धरली, तर ती दोन सीएफएम होते. आठ मोजायला दोनाची चूक! धंदा वाढेल तेव्हा वाढेल, म्हणून लहान रोटामीटर घेतला. काचेची नळी, खाली निमुळती, वर रुंद, आत फ्लोट. हवा वाढली की फ्लोट वर चढतो. यात न समजण्यासारखं काही नाही, असं वाटतं.

कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच बसवावा, असा ऑपरेटरचा आग्रह. तिथे पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याला फ्लोट झिम्मा खेळायला लागला. आकडा वाचणार कोण? मग टाकीच्या पुढे नेला. टाकीच्या पुढे आणखी एक भानगड असते. तिथे कॉम्प्रेसर किती देतो ते कळत नाही, आपण किती खातो तेवढंच कळतं. म्हणून सगळी मशिनं बंद केली, कॉम्प्रेसर चालू ठेवला आणि मीटरच्या पुढचा कॉक केसभर-केसभर उघडत गेलो. काटा सातावर आला, चढेना, उतरेना. म्हणजे जेवढी हवा टाकीत येत होती तेवढीच बाहेर पडत होती. फ्लोटकडे बघितलं. तीन!

नेमप्लेट बारा, शेठ साडेआठ, मीटर तीन.

शेठना फोन लावला. "त्याला दोन पूर्णांक आठनं गुणा," ते शांतपणे म्हणाले. मीटरवरचे आकडे मोकळ्या हवेसाठी छापलेले असतात. सात किलोच्या लायनीत बाहेरचं वातावरण धरून हवा आठपट दाबलेली, आठपट जड. फ्लोटचा हिशेब या जडपणाच्या वर्गमुळानं चालतो, आणि आठाचं वर्गमूळ २.८३. तिनाला गुणलं की साडेआठला टेकतात. त्याच दाबलेल्या हवेचं नळीतलं नुसतं आकारमान विचारलं तर एकच सीएफएम. चार आकडे, चारही खरे, हवा एकच.

"गुणाकार नको असेल तर कॉक मीटरच्या आधी घ्या," शेठ म्हणाले. तसं केलं. मीटरमधून हवा सरळ बाहेर, दाब जवळपास शून्य. फ्लोट टुणकन साडेआठाजवळ. कॉक अलीकडे घेतल्यावर हवा तिपटीच्या आसपास झालेली पाहून कारखान्यातल्या पोरांनी माझ्याकडे आदरानं बघितलं.

आता साडेआठातून मशिनचे सहा गेले, अडीच उरले, आणि एअरगन रुसल्या. त्या अडीचचा मागही लागला. साबणाचं पाणी घेऊन लाईन तपासली, तर कपलिंगपाशी जेमतेम एक मिलिमीटरचं भोक बुडबुडे काढत बसलेलं. एवढंसं भोक सात किलोवर दोन-अडीच सीएफएम गिळतं, रात्रंदिवस, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. टेफ्लॉन टेप गुंडाळली, प्रकरण मिटलं.

मीटर आता टाकीनंतर लाईनवरच आहे, भिंतीला. येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे उभा राहून गंभीरपणे मान हलवतो. ऑपरेटर मात्र नाराज आहे. "साहेब, हे बसवल्यापासून हवा कमी यायला लागली," तो म्हणाला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मीटरसुद्धा थोडं प्रेशर खातोच.