रस्सा थांबला नाही

यंत्राने चूक केली की माणसे आधी हसतात आणि मग दोष द्यायला जवळपास एखादा माणूस मिळतो का, हे पाहू लागतात, असे माझे मत झाले आहे. गेल्या शनिवारी सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका नव्या हॉटेलात त्यांना फारसे शोधावे लागले नाही, कारण तो माणूस तांबड्या रश्श्याने भिजून त्यांच्या समोरच बसला होता.

श्रावण असल्यामुळे आम्ही अख्खा मसूर आणि रोट्या मागवल्या होत्या. थोड्या वेळाने पडद्यावर मांजराचे डोळे मिचकावीत एक रोबोट चाकांवरून आमच्या रोखाने आला आणि त्याने दुसऱ्याच कोणाचा तरी मटणाचा रस्सा आणला. तो पोहोचतो न पोहोचतो तोच कोणाचे तरी पोर आडवे धावले आणि तो जागच्या जागी थांबला. असले रोबोट लेझरने आणि कॅमेऱ्यांनी वाटेतला अडथळा हेरून तत्काळ थांबतात आणि हे त्याला उत्तम साधले होते. मात्र रस्सा काठोकाठ भरून देणे हा आपल्याकडे आदरातिथ्याचा भाग मानला जातो, याची कल्पना तो बनवणाऱ्यांना बहुधा कोणी दिली नसावी. वाडगा रोबोटबरोबर थांबला आणि आतला ऐवज माझ्याकडे निघून आला.

कोणीतरी "भाजलं का?" असे विचारील, अशी माझी अपेक्षा होती. पलीकडच्या टेबलावरील एका बाईंनी "लागलं का रे बाळा?" असे खरोखरच कळवळून विचारले, पण ते रोबोटला. चार-दोन मोबाइल बाहेर निघाले आणि त्या सर्वांचे तोंड मांजराच्या डोळ्यांकडे होते.

एवढ्यात शेजारच्या टेबलावरून एक वयस्क गृहस्थ उठून आले. तासगावकडच्या एका शाळेतून विज्ञानाचे शिक्षक म्हणून आपण निवृत्त झालो आहोत, हे त्यांनी मी विचारण्यापूर्वीच सांगितले.

"पाव्हणं, आधी शांत व्हा," ते म्हणाले. मी शांतच होतो. गरम रस्सा पोटावरून खाली उतरत असताना हालचाल न करणेच हिताचे असते.

"आता ह्यात त्याचं काय चुकलं, सांगा बघू. पोरगं आडवं आलं, तो थांबला. थांबायलाच पाहिजे होतं. रस्सा थांबला नाही. जडत्व! नववीला असतंय की."

"पण सर, तो रस्सा आमचा नव्हताच. आम्ही मसूर मागवला होता."

"मग तर प्रश्नच मिटला," सर प्रसन्न होऊन म्हणाले. "तुमचं काहीच सांडलं नाही."

या युक्तिवादाला उत्तर शोधण्यात माझा काही वेळ गेला. तेवढ्यात सौभाग्यवतींनी श्रावणाचा मुद्दा काढला, तोही सरांनी निकालात काढला. रस्सा अंगावर पडला आहे, पोटात गेलेला नाही, त्यामुळे व्रत शाबूत आहे, असा निर्णय त्यांनी दिला आणि आसपासच्या मंडळींनी माना डोलावल्या. त्याच वेळी रोबोट बाईच्या आवाजात "कृपया मुझे रास्ता दीजिए" असे म्हणाला.

"बघा, हिंदी बोलतोय. परगावचा आहे बिचारा, सांभाळून घ्या," असे म्हणत सरांनी माझी खुर्ची, मी तीवर असतानाच, मागे ओढली. रोबोट डौलात निघून गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एव्हाना मला खरोखरच राग आला होता. हेच एखाद्या वेटरच्या हातून झाले असते तर, असे मी सरांना विचारले. "त्याला कळायला पाहिजे. माणूस आहे तो," हे उत्तर तयारच होते. मग एटीएमने पैसे न देताच खात्यातून वळते केले तर तुम्ही त्यालाही सांभाळून घेता का, असे मी विचारले आणि सरांचा चेहराच बदलला. असा प्रकार त्यांच्या बाबतीत घडला होता आणि त्या यंत्राला त्यांनी भर रस्त्यावर लाथ घातली होती.

"तेही यंत्रच होतं की, सर."

"अहो, पण त्याला डोळे कुठं होते?"

सरांच्या या सिद्धांताची मी घरी येऊन छाननी केली आणि तो बव्हंशी टिकतो, हे मला खेदाने नमूद करावे लागते. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथील संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एका छोट्या, माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोटकडून काही जणांसमोर मुद्दाम चुका करवून घेतल्या होत्या. हा चुकणारा रोबोट त्या लोकांना बिनचूक रोबोटपेक्षा अधिक आवडला. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये पहाऱ्यावरचा एक रोबोट पायऱ्यांवरून कारंज्याच्या पाण्यात पडला, तर लोकांनी त्याच्या स्मरणार्थ फुले वाहिली. उलट, नुसते आकडे वर्तवणारा प्रोग्रॅम चुकताना दिसला तर त्याच्यावरचा विश्वास माणसावरच्या विश्वासापेक्षा लवकर उडतो, असे अमेरिकेतील संशोधकांना २०१५ साली आढळले होते. त्या बिचाऱ्याला ना चाके, ना डोळे. मला तर चष्म्यासह डोळे आहेत आणि शनिवारी ते मी पुरेसे मिचकावलेही, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

याहून गंभीर प्रकार अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठातला आहे. तिथे आग लागल्याचा देखावा करून लोक रोबोटच्या मागे जातात का, हे पाहिले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातले सर्वच्या सर्व २६ जण त्याच्या मागे गेले आणि त्यांतील निम्म्यांनी तो नीट वाट दाखवू शकत नाही, हे नुकतेच पाहिलेले होते. आमच्या हॉटेलात आग लागली असती तर सरांनी सर्वांना रोबोटमागे रांगेत उभे केले असते आणि मला सर्वांत शेवटी, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

मॅडलिन क्लेअर एलिश या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी या प्रकारातली माणसाची जागा नेमकी दाखवली आहे. अपघातात आतील माणसाला धक्का बसू नये म्हणून मोटारीचा पुढचा भाग चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो. स्वयंचलित यंत्रणेच्या अपघातात तेच काम माणसाला करावे लागते, म्हणजे त्याने चुरगळायचे आणि यंत्रणेचे नाव राखायचे. मी चुरगळलो तो निदान गिऱ्हाईक म्हणून. पण मॅनेजरने बाहेर येऊन रोबोटची चाके पुसून घेतल्यानंतर "टेबल नंबर कुणी दाबला?" असे विचारले आणि आतून विशीतला एक मुलगा पुढे आला, तेव्हा त्याचे जे काही झाले ते पाहण्यासारखे नव्हते. त्यालाही दोन डोळे होते. सर त्या वेळी रोबोटबरोबर सेल्फी काढत होते. धांदलीत त्या मुलाने माझ्या शर्टाला हात धुण्याचा साबण चोळला. साबण लागला की हळद लाल होते, ही गोष्ट हळदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात एकालाही वेळेवर आठवली नाही. हळदीचा डाग निदान उन्हात टाकला की विरतो. वरच्या कटाचे तेल मात्र लाँड्रीवाल्यालाही दाद देत नाही.

सरांनी ज्याला लाथ घातली त्या एटीएमची चूक झाली तर पाच दिवसांत पैसे परत करावेत, नाहीतर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ सालापासूनचा नियम आहे. म्हणजे बिनडोळ्यांच्या यंत्राला नियम आणि लाथ, तर डोळेवाल्याला टाळ्या. रश्श्याबाबत असा नियम मला कुठे आढळला नाही, म्हणून लाँड्रीची पावती घेऊन मी सोमवारी मॅनेजरला भेटलो. रोबोट भाड्याचा आहे, त्याच्या कंपनीला विचारा, असे त्यांनी सांगितले. कंपनीच्या क्रमांकावर ध्वनिमुद्रित बाई बोलते आणि भाषा निवडायला सांगते. मराठी त्या भाषांत नाही. मी पुन्हा गेलो, तेव्हा मॅनेजर उदार होऊन म्हणाले, "एवढंच असेल तर त्या पोराच्या पगारातून कापून देतो." ते पैसे मी घेतलेले नाहीत आणि मागणीही सोडलेली नाही.